सुपातले उंदीर
आमच्या पोशीर गावात प्लेगची चौकशी करायला साहेब आला, तेव्हा मी खोटं बोलले. आजही आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

खोटं बोलले ते जावेपायी. आमची दोन घरं, मधे एकच भिंत. तिचा मुलगा मुंबईहून वळकटी घेऊन पळून आला आणि चार दिवसांत तिच्या कणगीमागे उंदीर मरून पडायला लागले. जाऊबाई माझ्या पाया पडली. थोरली असून पाया पडली! "कुनाला सांगू नको गं, त्याला छावणीत नेतील." मी शब्द दिला, वर तिच्या पोराला पेजही करून घातली.

माझी आई तेव्हा माझ्याकडेच होती. वडील गेल्यावर तिला दुसरं कोण? दिवसाआड थंडी वाजून ताप यायचा तिला, जुनाच हिवताप. तिचं अंथरूण त्या मधल्या भिंतीशीच घातलेलं.

साहेबाचा कारकून दर दारात तेच विचारी: मुंबईहून कोण आलं, उंदीर कुठे मेले, ताप कुणाला. मी म्हटलं, "आमच्या दोनी घरांत कोन आलं नाय." त्यानं लिहून घेतलं. बरोबरच्या दाईनं आईच्या काखा, जांघा चाचपल्या. गाठ नव्हती. सुटलो बाई, म्हटलं. तेवढ्यात शिपायानं हाक दिली. माझ्या परसात, राखेच्या ढिगावर सहा मेलेले उंदीर!

"सकाळी तुझ्या जावेनं सुपातनं टाकलं," आई अंथरुणातून म्हणाली. "मला वाटलं, कोंडा टाकते."

जाऊ दारातच उभी होती, तोंडाला पदर लावून. "हिच्या आयला लय दिस ताप हाय, सायेब. आमाला भ्या वाटतं." केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

मी ओरडले, "तिचा पोर आलाय मुंबईहून! तिच्या घरातले उंदीर हायत!"

कारकुनानं वहीवर बोट ठेवलं. "आत्ताच कोणी आलं नाही म्हणालीस. आता अंगाशी आलं म्हणून दुसऱ्यावर ढकलतेस?" पोरगा तोवर मागच्या दारानं रानात पसार झाला होता.

ऊन लागून घर शुद्ध व्हावं म्हणून माझ्या घराची कौलं उतरवली, आम्हाला गाडीत घातलं. छावणीत ताप म्हणून आईला आजाऱ्यांच्या झोपडीत ठेवलं, मला वेगळ्या. तिथं गेल्यावर आईला खरी गाठ आली. तिच्या झोपडीच्या कुडाला तोंड लावून मी तिला सगळं सांगितलं, वळकटीपासून जावेला दिलेल्या शब्दापर्यंत.

ती कुडापलीकडून म्हणाली, "म्हंजी तुला ठाव होतं? आन तरी मला त्या भिंतीशी निजवलंस?"