शेगडीपुढचं पितळ

इंग्लंडातल्या बेकप गावच्या बेरिल पिलिंगच्या घरात नवी म्हणावी अशी वस्तू एकच होती, दाराची कडी, आणि तीही नगरपालिकेनं बसवून दिलेली. बाकी सगळं दुसऱ्याच्या घरातनं उतरून आलेलं. पडदे कुणा मेलेल्या बाईचे, घड्याळ कुणा घटस्फोटवाल्याचं, किटली कुणाची ते देवाला ठाऊक. नवऱ्यालाही ती त्यातच धरायची. नॉर्मनचं पहिलं लग्न ठरलं होतं, पण ती पोरगी ऐन वेळेला एका बसवाल्याचा हात धरून ब्लॅकपूलला पळाली. मग बेरिलनं त्याला उचललं. "दोनचार टवके गेलेले हायेत, पर माल दणकट," असं ती चारचौघांत सांगायची आणि नॉर्मन शेजारी बसून गालातल्या गालात हसायचा.

तिची उमर कापडगिरणीत गेली. मागांच्या खडखडाटानं कान अर्धे बसले. गिरण्या बंद पडल्यावर शाळेत पोरांना जेवण वाढलं. मग नॉर्मनला पक्षाघाताचा झटका आला आणि त्याचं उजवं अंग गेलं. हात थोडाफार परत आला, पाय मात्र नुसता लोंबत राहिला. त्या पायाला काय लागतंय, काय भाजतंय, त्याचा नॉर्मनला पत्ता नसायचा. एकदा खोली तापवायच्या विजेच्या शेगडीच्या तारांवर टाच टेकून बसला आणि मोजा जळल्याचा वास आल्यावर विचारतो, "बेरिल, काय करपलं गं?"

तेव्हापासनं बेरिलचं बाहेर पडणं म्हणजे धर्मादाय दुकानं. खालच्या बाजारपेठेत ओळीनं अशी दुकानं होती. कुत्र्यामांजरांसाठी एक, आंधळ्यांसाठी एक, आणि मरणपंथाला लागलेल्यांची शुश्रूषा करणाऱ्या घरासाठी एक. लोकांनी नको झालेलं आणून द्यायचं, दुसऱ्यांनी ते चार पैशांत न्यायचं, पैसा त्या त्या कामाला. सोमवारची सकाळ बेरिल कधी चुकवायची नाही, कारण शनिवार-रविवारी लोक माळे झाडतात आणि थैल्या दुकानाच्या दारात टाकून जातात.

शिकार कशी करावी ते तिच्याकडनं शिकावं. जे पाहिजे त्याच्याकडं बघायचंच नाही. आधी एखादं भंगार उचलायचं, नाक मुरडायचं, ठेवायचं. मग सहज हात गेला असं दाखवून खरा माल घ्यायचा आणि पहिल्यांदा उलटा करायचा. "तोंड खोटं बोलतंय, बूड न्हाई," असं ती म्हणायची. बुडावरचा शिक्का वाचता वाचता तिच्या छातीत असं काही धडधडायचं, की सतरा वर्षांची असताना नाचघराच्या दारात उभी राहिल्यावरही तेवढं धडधडलं नव्हतं. माल हाती लागला की परतीचा चढ तिला चढ वाटायचा नाही.

तिला तोडीस तोड एकच होता, क्लिफर्ड ऑर्मेरॉड. बायको मेलेला, जवानीत सक्तीची लष्करी नोकरी करून आलेला, जुन्या घड्याळांचा वेडा. दोघं एकमेकांच्या पिशवीत डोकावायचे, पण कुठं काय घावलं ते कुणी कुणाला सांगायचं नाही.

"काय गं, आज रिकामीच?"

"तुझ्या डोक्यासारखी," बेरिल म्हणायची आणि पिशवी दुसऱ्या हातात घ्यायची.

त्या सोमवारी शुश्रूषाघराच्या दुकानात तिच्या हाती काहीच लागलं नव्हतं. निघता निघता मागच्या कोठीकडं नजर गेली. कोठीचं दार उघडं राहावं म्हणून खाली एक काळपट, वजनदार वस्तू लावली होती. बेरिलनं वाकून बोट घासलं. काळ्याखालनं पितळ चमकलं.

तोफेचा गोळा होता, उभट पितळी नळकांड्याचा. आता बेकपमध्ये तोफेच्या गोळ्याचं कुणाला कौतुक नाही. आजे-पणजे लढाईवरनं येताना रिकामी पितळी नळकांडी घेऊन आले, ती अजून घराघरांत शेगडीपुढं उभी आहेत. कुणी त्यात छत्र्या ठेवतं, कुणी वाळलेली फुलं. दर शनिवारी बाया ती घासतात. पण ती सगळी मुंडकं उडालेली. याला वरचं टोकदार लोखंडी डोकं शाबूत होतं. झाकणासकट साखरदाणी मिळणं आणि डोक्यासकट गोळा मिळणं, बेरिलच्या हिशेबी सारखंच. अख्खा माल.

गल्ल्यावर आयव्ही होती, सत्तरी ओलांडलेली, फुकट राबणारी.

"ते इकायला न्हाई गं. दार कशानं अडवू मग?"

"तुला घरनं वीट आणून देते."

"विटेवर पाय आपटला तर नख जाईल माझं. ह्याला मी रोज लाथ मारून सरकवती, कधी कुरकुर केली न्हाई बिचाऱ्यानं."

"आयव्ही, त्या मरणाऱ्यांच्या दवाखान्याला पैसा पायजे का वीट?"

आयव्हीनं मान हलवली, हसली आणि दिला.

बेरिलनं तो चाकाच्या पिशवीत उभा घातला आणि घराकडं निघाली. रस्ता दगडी, खडबडीत. पिशवी धाडधाड उडत होती. वाटेत क्लिफर्ड दिसला तसं तिनं गोळ्यावर रुमाल टाकला.

घरी येऊन तिनं बाह्या वर केल्या. नॉर्मन आपल्या खुर्चीत, आजारी पाय तिपाईवर. तिनं गोळा मांडीवर आडवा घेतला, लिंबू-मीठ लावून घासला. बुडाच्या मधोमध एक गोल चकती होती, तिच्याभोवती अक्षरं, त्यात वर्षांचा मळ. ब्रश चालेना तसं तिनं विणायची सुई घेतली आणि सुईच्या मागं बत्त्यानं हलके ठोके देत एकेक अक्षर मोकळं केलं. चकतीच्या कडेनंही टोकरलं.

"कसलं ठाकठाक चाललंय?" नॉर्मननं विचारलं.

"वाचतीया. तू पड."

संध्याकाळपर्यंत गोळा सोन्यासारखा झाला. शेगडीपुढची फरशी एका अंगाला उतरती, तिथं तो डुगडुगायला लागला. म्हणून तिनं तो नॉर्मनची खुर्ची आणि तिपाई यांच्या मधल्या फटीत, खुर्चीच्या पायाला टेकवून उभा केला. शेगडीचा लाल उजेड त्याच्यावर पडला आणि दोघंही बघत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर, क्लिफर्ड आला. बेरिलला दाखवल्यावाचून राहवत नव्हतं. ओठावर बोट ठेवून तिनं त्याला आत घेतलं, कारण नॉर्मनचा डोळा लागला होता. क्लिफर्ड उंबऱ्यातच थांबला. त्याला मत्सर वाटावा म्हणून ती त्याच्या तोंडाकडं बघत होती. तोंडावर मत्सर आला नाही. तोंड पांढरं पडत गेलं.

त्यानं भिंतीजवळचं बटण दाबून विजेची शेगडी बंद केली. मग बेरिलचा दंड धरून तिला स्वयंपाकघरात नेलं.

"बेरिल, ते भरलेलं हाय."

"कशानं?"

"कशानं म्हंजे? दारूनं. रिकाम्याला डोकं ऱ्हात न्हाई. उडल्यावरच डोकं जातंय त्याचं. ह्यो उडालाच न्हाई अजून."

बेरिलला आधी हसू आलं. "लई वर्षं आयव्ही त्याला लाथा घालतीया."

"तिचं नशीब. जुनी झाली की ही बेणी लई तापट होत्यात. डोक्यावर पडलं, बुडावर ठोका बसला, संपलं. बुडाला चकती असती, दारू पेटती ती तिथनंच, तिला तर नखसुद्धा लावायचं न्हाई."

बेरिलचं हसू तोंडातच वाळलं. विणायची सुई तिथंच ओट्यावर पडली होती, टोकाला काळा मळ लागलेली. तिनं ती बघितली. आयव्हीची लाथ तिला दिसली, दगडी रस्त्यावर उडणारी पिशवी दिसली, मांडीवर आडवा घेतलेला गोळा दिसला. एकेक आठवत गेलं आणि प्रत्येक आठवणीला ती आत्ता, उशिरानं, नव्यानं दचकत होती. सुई तिनं फडक्याखाली सरकवली. क्लिफर्डला सांगितलं नाही.

क्लिफर्डनं घरामागच्या बोळातनं पोलिसांना फोन लावला, हळू आवाजात बोलला आणि परत आला.

"हात लावू नका आणि आत्ताच्या आत्ता भाईर पडा म्हणत्यात. शेजाऱ्यांना बी काढा म्हणत्यात."

"आणि नॉर्मन?"

दोघंही दारातनं आत बघत राहिली. नॉर्मन तोंड उघडं टाकून झोपला होता. आजारी पाय तिपाईवर, आणि टाचेच्या वितभर अलीकडं ते चकचकीत पितळ. खुर्ची हलली तर ते पडणार. तिपाई ओढली तर पाय त्याच्यावर येणार. आणि झोपेतनं उठताना नॉर्मनची एक खोड होती. आधी चांगल्या पायानं रेटा द्यायचा, मग मेलेला पाय आपोआप खाली घसरायचा, जिकडं जाईल तिकडं.

"हाक मारू नगं," क्लिफर्ड तिच्या कानाशी कुजबुजला. त्याच्या कपाळावरनं घाम ओघळत होता. "दचकंल."

"न्हाई मारली तरी उठंल. ह्याच वक्ताला त्याला लघवीला लागती."

"बेरिल, आपुन भाईर जाऊ. त्यांची माणसं येत्यात, त्यांना शिकवलेलं असतंय."

"तू जा."

"तसं म्हनलो न्हाई मी."

"मग गप उभा ऱ्हा."

तिनं चपला काढल्या. जमीन लाकडी होती, पावलागणिक दबायची आणि दबली की गोळ्याच्या टोकावरचा उजेड थरथरायचा. रोज ह्याच जमिनीवर ती धपाधपा चालायची. आता एकेक बोट टेकवत ती गेली. जवळ जाऊन गुडघ्यांवर बसली तेव्हा गुडघा कटकन वाजला. नॉर्मनच्या घशात काहीतरी घरघरलं. ती श्वास धरून थांबली. घरघर परत संथ झाली.

तिनं दोन्ही हात पायाखाली घातले. पाय जड होता, ओल्या गोधडीसारखा. रोज दोनदा ती तो उचलायची, मोजे घालायची, वर शिव्याही घालायची. आज तो तिला कुणा परक्याचा वाटला. तिनं उचलला. पितळाच्या वर आला. ओझ्यानं जरा खाली आला आणि मोज्याचा सैल धागा गोळ्याच्या टोकाला लागून गेला. लोखंडाचा गारवा आपल्या मनगटाला जाणवतोय असं तिला वाटलं, लागलं नसतानाही.

"बेरिल," नॉर्मन म्हणाला. त्याचे डोळे उघडे होते. "काय करतीस?"

"हलू नगं."

"मला जायचंय."

"नॉर्मन, माझ्याकडं बघ. शपथ हाय तुला, चांगला पाय उचलू नगं. खुर्चीला रेटा देऊ नगं. मी सांगते तसं कर."

तिचा असला आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला आणि लहान पोरासारखा निमूट झाला. तिनं पाय पलीकडं नेला, भिंतीच्या अंगाला, आणि जमिनीवर ठेवला. मग क्लिफर्डकडं मान केली. क्लिफर्ड आला. त्याचे दात वाजत होते, ऐकू येत होते, पण आला. त्यानं मागनं नॉर्मनच्या काखेत हात घालून त्याला सरळ वर उचललं. खुर्ची कुरकुरली. गोळा खुर्चीच्या पायावरनं एक बोट घसरला, टक् असा आवाज झाला, आणि तिघंही तिथंच थिजली.

काही झालं नाही.

बेरिलनं पाय परत उचलून छातीशी धरला आणि तशीच उलटी उलटी, दोघांबरोबर, दाराबाहेर पडली.

पोलिसांनी गल्ली रिकामी करून सगळ्यांना चर्चच्या सभागृहात बसवलं. कुणी चहा केला, कुणी बिस्किटं काढली. भीती चहात बुडवून लोक थट्टा करायला लागले.

"बेरिल, पुढच्या सोमवारी रणगाडा घावतो का बघ."

"तिला सांगू नगा, खरंच आणंल."

आयव्हीलाही कुणीतरी बातमी दिली होती. ती धापा टाकत आली आणि खुर्चीत बसून आपल्या उजव्या बुटाकडं बघत राहिली.

थोड्या वेळानं लष्कराचा एक जवान आत आला. विशीतला असेल, गालावर पुटकुळ्या. "पिलिंगबाई कोण? बाई, जिवंतच आहे तो. डोंगरावर नेतोय, तिथं उडवू. एक विचारायचंय. बुडाची चकती कुणीतरी टोकरलेली दिसतीय, अगदी ताजी. कुणी ठोकलंय का त्याला?"

नॉर्मन तिच्याकडं बघत होता. त्याला ते ठाकठाक आठवलं हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं.

"मी," बेरिल म्हणाली. "विणायच्या सुईनं. वर बत्त्यानं."

जवानानं टोपी काढली, परत घातली. "बरं," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. कुणी थट्टा केली नाही. बेरिलच्या दोन्ही अंगांच्या खुर्च्या हळूहळू थोड्या लांब सरकल्या, जणू गोळा अजून तिच्याच पदरात होता.

मग डोंगराकडनं आवाज आला. मोठा नव्हता. लांब कुठंतरी जाडजूड दार आपटावं तसा. खिडक्यांच्या काचा खणखणल्या, कपबशा वाजल्या, माणसं जागच्या जागी उडाली. नॉर्मनही सगळा दचकला. फक्त तो पाय दचकला नाही. तो बेरिलच्या मांडीवर होता आणि तिचे दोन्ही हात त्याच्याभोवती घट्ट आवळलेले. घरातनं निघाल्यापासनं तिनं तो सोडलाच नव्हता, चहासुद्धा क्लिफर्डनं तिच्या तोंडाला लावला होता.

"सोड की आता," नॉर्मन हळूच म्हणाला. "मला काय लागत न्हाई. पर लोक बघत्यात."

तिनं सोडायला बघितलं. बोटं उलगडेनात.

"बघू दे," ती म्हणाली.