बिनडोळ्यांचे सेनापती

को थ्येन-फू वस्तादांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, देवळाच्या दारावर रंगवलेला राखणदार सेनापती खाली उतरून मला न्यायला आला आहे. माझं दुकान सात फूट रुंद. त्या सात फुटांत संगणक, प्रिंटर, लग्नपत्रिकांचे गठ्ठे आणि मी असे एकमेकांशी तडजोड करून राहतो. वस्ताद दारात उभे राहिले आणि दुकानात भर दुपारी दिवेलागण झाली. भुवया अशा, की चिमण्यांनी त्यांत दोन पिढ्या वाढवाव्यात. हातात साधा मोबाइल होता, पण तो त्यांनी शत्रूचं मुंडकं धरावं तसा धरला होता. त्यांनी घसा खाकरला तेव्हा समोर ओळीने बसून कालवं फोडणाऱ्या बायकांनी सुऱ्या खाली ठेवल्या, आणि भिंतीवरचं घड्याळ अर्धं मिनिट थांबलं हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

"वेबसाइटी तूच करतोस ना?"

"हो."

"माझ्या सेनापतीवर एक बाई बसली आहे."

मोबाइलवर फोटो होता, शेजारच्या गावच्या बाजारातल्या स्कूटरचा. स्कूटरच्या सीटला नवं कव्हर, कव्हरवर वस्तादांनी रंगवलेला गोरा सेनापती, आणि सेनापतीच्या नाकावर भाजीची पिशवी घेऊन बसलेली एक प्रसन्न बाई. चित्र वस्तादांच्याच वेबसाइटवरून उचललेलं होतं. ती वेबसाइट त्यांना कुठल्याशा योजनेत फुकट करून मिळाली होती, आणि चोरांनाही ती फुकटच मिळाली होती.

"मग बंद करून टाका ती," मी म्हणालो.

"बंद कशी करू? देवळांची मंडळं हल्ली माणूस बघत नाहीत, वेबसाइट बघतात." एवढं बोलून ते माझ्या एकुलत्या एका स्टुलावर बसले. ते स्टूल त्या दिवसापासून डावीकडे कलतं.

चांग्हुआच्या या किनाऱ्यावर देवळांच्या दारांवर, एका फळीवर गोरा आणि दुसरीवर काळा, असे सेनापती रंगवणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांची बोटं थरथरतात. वस्ताद तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. गुडघे गेलेले, पाठ गेलेली, पण हात असा की एका श्वासात सेनापतीच्या दाढीचा केस न् केस ओढतील. आमच्या गावच्या मात्सू देवीच्या देवळाची दारं त्यांच्या वडिलांनी रंगवली होती. साठ वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने ती इतकी खाल्ली होती, की काळ्या सेनापतीचं पोट आणि गोऱ्याचा एक पाय एवढंच सैन्य शिल्लक होतं. दोन वर्षांनी देऊळ दुरुस्तीला निघणार होतं.

"ती दारं करायची आणि ब्रश धुऊन ठेवायचे," वस्ताद म्हणाले. "शिडी चढायचा कंटाळा आलाय रे आता. पण ती एक शिडी चढायची राहिलीय."

अशी आमची मोहीम सुरू झाली. मी आधी माउसचं उजवं बटण बंद केलं, म्हणजे कुणाला चित्र उतरवून घेता येऊ नये. वस्तादांनी शांतपणे खिशातून मोबाइल काढला, पडद्याचा फोटो घेतला आणि मलाच दाखवला.

"हे काय झालं मग?"

"हं. असं करता येतं."

"म्हणजे तू दाराला कुलूप लावलंस, आणि घराला भिंतच नाही."

मग चित्रांवर त्यांच्या नावाचा पुसट शिक्का मारला. कोपऱ्यात मारला तर कोपरा कापतील म्हणून मध्ये घेतला. मध्ये लहान दिसतो म्हणून मोठा केला. वस्ताद दर मंगळवारी येत, दर भेटीला तो वाढत गेला आणि शेवटी सेनापती दिसेनासे होऊन नुसते को थ्येन-फू दिसू लागले. दक्षिणेकडच्या एका देवळाच्या चिटणिसांनी फोन करून विचारलं, की हे को नावाचे देव नक्की कशासाठी पुजतात. मग चित्रं लहान केली, टपालाच्या तिकिटाएवढी. चोरी थांबली, पण देवळांच्या मंडळांचं सरासरी वय चौऱ्याहत्तर असल्यामुळे चौकशीही थांबली. पुन्हा मोठी केली. पुन्हा सेनापती शॉवरच्या पडद्यावर, सेनापती उशीवर, सेनापती कुत्र्याच्या स्वेटरवर. कुत्र्याचा फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला.

"याला बरा बसलाय," ते म्हणाले.

असे आठ महिने गेले. दर मंगळवारी वस्तादांनी त्यांच्या बायकोने फोडलेल्या कालवांची एक पिशवी माझ्या टेबलावर ठेवायची, कलत्या स्टुलावर बसायचं आणि नवी चोरी दाखवायची. मंगळवार आला की मी सकाळपासून दुकान बंद ठेवायला कारण शोधायचो. त्यांच्याही चेहऱ्यावर आता राग उरला नव्हता; रोज तीच गळकी कौलं बघणाऱ्या माणसाचा असतो तसा चेहरा झाला होता.

मग एका मंगळवारी ते पिशवी न घेता आले. युक्ती घेऊन आले.

"डोळे," ते म्हणाले.

दारावरच्या देवाचे डोळे सगळ्यात शेवटी रंगवतात. मुहूर्त बघून, धूप लावून. तोवर ते लाकडावरचे रंग. डोळे आले की देव. वस्तादांचं म्हणणं असं, की वेबसाइटवर डोळ्यांशिवायचीच चित्रं ठेवायची. चोराने नेलं तरी काय नेलं? रंग नेला. आणि अर्धवट राहिलेल्या, बिनडोळ्यांच्या देवावर बसणं अशुभ; आमच्याकडे कोण धजावणार?

"मग मी संगणकावर डोळे पुसून देतो," मी म्हणालो. "दहा मिनिटांचं काम."

"देवांचे डोळे फोडणार? दहा मिनिटांत?"

त्यांनी ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेने मी स्टुलासारखाच डावीकडे कललो. देवांचे डोळे फोडायचे नव्हते, म्हणून वस्तादांनी आयुष्यभरात केलेल्या बावीस दारांचे सेनापती प्लायवूडवर नव्याने रंगवले, डोळ्यांशिवाय. साडेचार महिने लागले. फोटो काढायला मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांची बायको, युएश्या काकू, अंगणात कालवं फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"ये आ-त्सोंग. जपून ये. चव्वेचाळीस आंधळे उभे आहेत, एकालाही तू दिसणार नाहीस."

"वस्ताद कुठे आहेत काकू?"

"पंचेचाळिसावा मागे आहे." सुरी चालूच होती. "रोज गुडघ्याला तेल चोळून देते. लोक म्हातारपणी आराम करतात. हे केलेलीच कामं पुन्हा करतात, आणि तीही अर्धवट."

"अर्धवट नाही," घरामागून आवाज आला. "सुरक्षित."

चित्रं सुरेख होती. मी ती मोठी आणि स्वच्छ चढवली. वस्ताद शेजारी बसून बघत होते.

"आता तो शिक्का काढ," ते म्हणाले. "डोळेच नाहीत तर कोण नेतोय? उगाच देवाच्या छातीवर माझं नाव."

इथे मी काही बोलायला हवं होतं. मला ते सुचलंही होतं. पण तेरा महिन्यांचे मंगळवार माझ्या अंगावर होते, मीही दमलो होतो. मी शिक्का काढला.

चोरी खरोखर थांबली. सहा महिने ना पडदा, ना उशी, ना कुत्रा. वस्ताद मंगळवारी येत, कालवं ठेवत, स्टुलावर बसून दोन घोट चहा घेत आणि जात. त्यांना इतकं निवांत मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग बाजारात कुजबुज सुरू झाली. देवळाच्या मंडळाने चहा पिता पिता मोठ्या टीव्हीवर वेबसाइट पाहिली होती. अध्यक्ष न्येन आबा, बर्फाच्या कारखान्याचे मालक, त्यांनी पहिल्या जोडीकडे पाहिलं, दुसऱ्या जोडीकडे पाहिलं आणि म्हणाले म्हणे, की थ्येन-फूचे डोळे गेले बिचाऱ्याचे, आता त्याला डोळे काढता येत नाहीत. चौथ्या दिवशी मासळीवालीने काकूंना मोतीबिंदूच्या डॉक्टरचा पत्ता दिला.

"मी वेबसाइटवर दोन ओळी लिहितो," मी म्हणालो. "डोळे मुद्दामच रंगवलेले नाहीत म्हणून."

"देवळाच्या माणसांना एवढं सांगावं लागतं?"

"मग तुम्ही जाऊन भेटा त्यांना."

"मी जाऊन सांगू, मला दिसतं म्हणून? माझ्या बापाने रंगवलेल्या दारातून ते रोज आत जातात. त्यांनी यावं."

ते आले नाहीत. हे गेले नाहीत. दोन महिने मी एकटाच दोघांच्या वाटचं दमलो. मग एके दिवशी आबांचा निरोप आला, की मुहूर्ताचं बोलायचंय, या. वस्तादांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला बरोबर घेतलं.

मंडळाच्या खोलीत चहा होता, कलिंगडाच्या बिया होत्या आणि सात म्हातारे होते.

"थ्येन-फू, दिसतं ना नीट?" आबांनी विचारलं.

"तुमच्या पुढच्या दाताला कीड लागलीय, तेवढं दिसतं."

सगळे हसले. वस्तादही हसले. मला वाटलं, झालं, दारं मिळाली.

"मग बरं झालं," आबा म्हणाले. "दारं आली आहेत. छापील घेतली. वरून प्लास्टिकचा थर आहे, खारा वारा खात नाही. तीस वर्षांची हमी."

भिंतीला टेकवलेल्या फळ्यांवरचं कापड कुणीतरी ओढलं. अकरा फुटी गोरा सेनापती आणि अकरा फुटी काळा सेनापती. वस्तादांचे. बिनडोळ्यांचे.

"कुणाचे हे?" वस्तादांनी विचारलं.

"छपाईवाल्याला इंटरनेटवर मिळाले. नाव नव्हतं म्हणाला कुणाचं. फार सोयीचे पडतात म्हणे, डोळे कोरे असल्यामुळे ज्या देवळाला जसे हवे तसे घालता येतात."

"नाव नव्हतं," वस्ताद म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी चहाच्या कपात पाहत होतो.

"हात तुझा आहे हे कळतं रे आम्हाला," आबा म्हणाले. "दाढी तर तुझ्या बापाचीच. म्हणून तर बोलावलं तुला. डोळे छापलेले नकोत असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. ते हाताने व्हायला हवेत."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं झालंय की."

मी त्या आवाजाची वाट बघत होतो, ज्याने बायकांच्या सुऱ्या थांबल्या होत्या. वस्तादांनी एक बी फोडली, टरफल बशीत ठेवलं.

"मुहूर्त कधीचा आहे?" त्यांनी विचारलं.

परतताना स्कूटरवर मी म्हणालो, "आपण तक्रार करू शकतो वस्ताद. फोटो आहेत माझ्याकडे, तारखांसकट."

"मग?"

"मग ती दारं लावता येणार नाहीत त्यांना."

"आणि दुसऱ्या कुणाची छापून लावतील. मग त्यांचे डोळेही माझे नसतील." मग ते म्हणाले, "अकरा फुटांची मी आता केलीही नसती. गुडघा."

हे खोटं होतं. अकरा फुटी कागदावर ओढलेली रूपरेषा त्यांच्या माळ्यावर दीड वर्ष गुंडाळून ठेवलेली होती, मी ती पाहिली होती.

मुहूर्ताच्या सकाळी ते शिडी चढले. काकूंनी शिडीचा एक पाय धरला, मी दुसरा.

"हळू," काकू म्हणाल्या. "वर थांबून दम खा. ते बघत नाहीत, आंधळे आहेत अजून."

चार डोळ्यांना सव्वा तास लागला. प्लास्टिकवर रंग धरेना, तीन तीन हात द्यावे लागले. पुजाऱ्याचं आटोपलं, फटाके झाले, माणसं जेवायला गेली. वस्तादांनी नळावर ब्रश धुतले आणि पायरीवर बसून गुडघा चोळू लागले.

"गोऱ्याच्या नाकाची रेघ चुकलीय," ते म्हणाले. "प्लायवर घाईत ओढली होती. एवढी मोठी केल्यावर दिसते."

"कुणाच्या लक्षात येत नाही वस्ताद."

"तीस वर्षं राहणार ती."

देवळाच्या नव्या दगडी पाटीवर देणगीदार, गवंडी आणि छपाईवाला अशी सगळ्यांची नावं आहेत. युएश्या काकूंचंही आहे, त्या दिवशीच्या जेवणाची कालवं त्यांनी दिली म्हणून. डोळे काढणाऱ्याचं नाव घालायची पद्धत नाही. वस्तादांनी त्यानंतर दार रंगवलं नाही. वेबसाइटची मुदत मार्चमध्ये संपली. ती वाढवायची आठवण मला राहिली नाही, त्यांनाही राहिली नाही.