अंगात आलेलं मांजर

काकांच्या मनगटातून रक्त थेट सिंकमध्ये गळत होतं. काकू हळदीचा डबा घेऊन धावल्या, तर काका त्यांच्यावरच ओरडले, "हळद नको, बँडेज आण! आणि त्या सटवीला गॅरेजमध्ये कोंड!" वर छताला स्मोक अलार्म किंचाळत होता. सटवी फ्रिजवर चढून बसली होती. तिची शेपटी बाटली धुवायच्या ब्रशासारखी फुगली होती आणि घशातून येणारा आवाज मांजराचा वाटत नव्हता.

झालं होतं असं, की काकूंनी मांजराची दृष्ट काढली होती. मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या तिच्यावरून ओवाळून त्यांनी तापलेल्या तव्यावर टाकल्या. टेक्सासमधल्या बंद, एसी लावलेल्या घरात मिरच्यांचा धूर कोंडला आणि अलार्म सुटला. पडदा फाडत, देवापुढची समई पाडत मांजर धावलं, आणि अलार्मखाली वर्तमानपत्राने वारा घालणाऱ्या काकांच्या हातात त्याने दात रुतवले.

शुगर लँडमधल्या त्या घरात मी वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. ह्यूस्टनला शिकत होते. काका म्हणजे बाबांच्या एका मित्राचे थोरले भाऊ. जन्मभर रिफायनरीत इंजिनिअर होते, आता रिटायर्ड. मांजर त्यांच्या मुलीचं. शाळेत असताना तिने हट्टाने आणलं, मग ती नोकरीला सिएटलला गेली आणि मांजर इथेच म्हातारं झालं. घरात सगळे तिला म्हातारीच म्हणत.

ही म्हातारी उन्हाळा सुरू झाल्यापासून पेटली होती. मागच्या दाराबाहेर पॅटिओवरचे हिरवे सरडे मारून ती त्यांची मुंडकी पायपुसण्यावर ठेवायची. वाडगा चाटूनपुसून संपवायची आणि पुन्हा ओरडायची. जिन्यावरून पिलासारखी वरखाली धावायची. काकूंना कौतुक वाटे. "या वयात काय भूक आहे बघ! नजर लागेल." पण पाठीवरून हात फिरवला तर मणका न् मणका हाताला लागत होता. इतकं खाऊन ती वाळत चालली होती, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं आणि तिघांनीही ते बाजूला ठेवलं होतं. मला तर ती आवडायला लागली होती. म्हातारपणी बंड करणाऱ्या कुणाचीही बाजू मी आधी घेते, विचार नंतर करते.

अलार्म थांबल्यावर काकू खुर्चीत बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "हिच्या अंगातच आलंय काहीतरी."

हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. मी अक्षरं शिकले ती बाबांच्या अंधश्रद्धाविरोधी पत्रकांवर. स्वस्त गुलाबी कागद, हाताला शाई लागायची. त्यातलं एक पत्रक अंगात येण्यावर होतं. ते वाटायला बाबा एका जत्रेत गेले तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर होते. देवळामागे एका बाईला केसांना धरून तीन-चार जण वेताच्या छडीने झोडत होते, भूत निघावं म्हणून. बाई फेफऱ्याने थरथरत होती. बाबा मध्ये पडले. पुढच्या क्षणी मी जमिनीवर होते, पत्रकं चिखलात होती आणि बाबांच्या तोंडातून रक्त येत होतं. त्यांचा समोरचा दात तिथेच गेला. पत्रकातलं शेवटचं वाक्य मला अजून पाठ आहे: मारायचं ते आजाराला, आजाऱ्याला नाही.

"बास झालं," काका मनगट दाबत म्हणाले. "सोमवारी हिला पुट डाउन करू, इंजेक्शन देऊन कायमचं झोपवू. मुलीशी मी बोलतो."

"काका, आधी डॉक्टरकडे नेऊ. हे आजारपण असणार."

"आल्या पत्रकवाल्या! आता मांजरांचा मोर्चा काढ."

"काढीन. पुढे तुम्हाला ठेवीन, रक्तबंबाळ."

काकू फिस्सकन हसल्या. काका हसले नाहीत. "एक आठवडा. पुन्हा कुणाला चावली तर विषय संपला."

तिला पिंजऱ्यात घालणं म्हणजे कुस्ती होती. मी टॉवेल टाकला, तिने तो फाडला. दुसरा टाकला तेव्हा तिच्यासकट मीही जमिनीवर आपटले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र तिची मान वर करून गळ्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं सावकाश खाली सरकवली आणि एका जागी थांबल्या. मग माझी बोटं तिथे ठेवली. कातडीखाली वाटाण्याएवढं काहीतरी सटकन निसटलं.

ही थायरॉइडची गाठ असावी, त्या म्हणाल्या. म्हाताऱ्या मांजरांत हे फार दिसतं. बहुतेक वेळा कॅन्सर नसतो, पण ग्रंथी गरजेपेक्षा कितीतरी जास्त रस सोडत राहते. मग शरीर स्वतःलाच जाळायला लागतं. भूक वाढते, वजन उतरतं, उलट्या होतात, हृदय धावत सुटतं. "ती चिडकी झालेली नाही. तिला थांबताच येत नाहीये." रक्त काढताना दवाखान्यातल्या दोघी मदतनिसांनी धरूनही म्हातारीने टेबल ओरबाडलं. मी पाहत राहिले. ज्याला मी बंड म्हणत होते ते हे होतं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात असताना रिपोर्टचा फोन आला. मी लगेच घरी फोन लावला आणि काकांना जवळजवळ घोषणाच दिली, "भूत नाही, थायरॉइड! औषध संध्याकाळी घेऊन येते."

संध्याकाळी दार उघडलं तर म्हातारी जेवणाच्या टेबलाखाली तोंड उघडं टाकून कुत्र्यासारखी धापा टाकत होती. बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. टाइल्सवर उलटीचे डाग होते. काका मात्र खुशीत होते.

"औषध केव्हाच सुरू केलं मी. थायरॉइडची गोळी घरात असताना संध्याकाळपर्यंत कशाला थांबायचं? हिची गोळी अर्धी केली, दह्यातून दिली."

हिची, म्हणजे काकूंची. काकू रोज सकाळी उपाशीपोटी घेतात ती.

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. "काका, आगीत तेल ओतलंत तुम्ही! काकूंची ग्रंथी कमी काम करते, म्हणून त्या बाहेरून रस घेतात. हिच्यात आधीच उतू चाललाय. ही उलटी गोळी आहे!"

"थायरॉइड तो थायरॉइड. मला शिकवू नकोस."

तेवढ्यात काहीतरी माझ्या कानाजवळून गेलं आणि भिंतीवर फुटलं. काकूंच्या गोळ्यांची बाटली होती ती. पांढऱ्या गोळ्या घरभर घरंगळल्या. मी काकूंना तोवर कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

"इतकी वर्षं रोज सकाळी समोर बसून चहा पिता! मी गोळी घेते तेव्हा समोर असता! ती कशासाठी आहे हे एकदा तरी विचारलंत? माझं कमी की जास्त, हे माहीत नाही तुम्हाला?"

टेबलाखालून एक लांब, फाटलेला आवाज आला.

गाडी काकूंनी चालवली. फ्रीवेवर त्या लेन बदलत होत्या आणि काचेआडून शिव्या घालत होत्या, कधी ट्रकला, कधी नवऱ्याला. मी पुढे बसले होते. मागे काका पिंजरा मांडीवर घेऊन बसले होते. म्हातारीची किंकाळी मध्येच तुटायची आणि त्या शांततेला मी जास्त घाबरत होते. अशाच एका शांततेत काकांनी जाळीतून बोट आत घातलं. "अगं, श्वास घे," ते म्हणाले. "घे की."

तिने ते बोट कचकन चावलं. आरशात मला सगळं दिसलं. काकांनी हात ओढला नाही. तिने सोडल्यावर त्यांनी तो रुमालात गुंडाळला.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. पिंजऱ्याच्या दाराला लागलं."

त्यांची नि माझी नजर आरशात भिडली. मी मान फिरवली.

डॉक्टरीणबाईंनी तिला ठेवून घेतलं आणि हृदय आवरायचं औषध दिलं. मांजराच्या अंगी काकूंची ती गोळी फारशी लागत नाही, त्या म्हणाल्या, पण या हृदयाला तेवढा धक्काही जड होता. मग काका खुर्ची पुढे ओढून विचारत सुटले. म्हणजे इंजिनचा वेग आवरणारा गव्हर्नर गेलाय, बरोबर? औषधाने वेग उतरतो, पण गाठ राहते? राहते. औषध बंद केलं की पुन्हा तेच? तेच. ऑपरेशन आहे, किरणोत्सर्गी आयोडीनचं एक इंजेक्शन आहे. त्याने बिघडलेला भाग जळतो आणि बाकीचं शाबूत राहतं, पण मांजराला काही दिवस वेगळं ठेवावं लागतं. आणि आधी औषध देऊन मूत्रपिंडं तपासायची, कारण या धावपळीत त्यांचं दुखणं झाकलेलं असतं. काकांना हे सगळं कळलं. रिफायनरीत असली झाकलेली दुखणी त्यांनी आयुष्यभर शोधली होती.

म्हातारी घरी आली, पण तिला गोळ्या भरवायचं युद्ध आम्ही हरलो. माझ्या हातावर त्याच्या खुणा अजून आहेत. मग औषधाचा जेल मिळाला. तो बोटावर रबराची टोपी चढवून कानाच्या आतल्या बाजूला चोळायचा. टोपी नसेल तर औषध आपल्याच अंगात जातं. हे काम काकांनी स्वतःकडे घेतलं. तिच्या रिपोर्टमधले आकडे ते सिएटलला फोन करून मुलीला ऐकवतात. काकू पलीकडून टोमणा मारतात, "आता माझेही आकडे सांगा." मग ते तेही सांगतात, चुकत चुकत.

म्हातारी अंगाने भरली. मणके झाकले गेले, सरडे वाचले. ती खिडकीत तासन्‌तास झोपायला लागली. लढणारीला आपण पाळीव करून टाकलं की काय, असं वाटत राहिलं.

परवा काका जेल लावत होते. एक कान झाला. दुसऱ्या कानाला हात लागताच तिने डोळे उघडले, त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि एकच पंजा असा मारला की अंगठ्यावर रक्ताची रेघ उमटली. मग ती पुन्हा हनुवटी पंजांवर ठेवून पडून राहिली.

"अजून अंगात आहे का हो?" काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"छे," अंगठा चोखत काका म्हणाले. "ही तीच आहे."

आणि दुसऱ्या कानाला हात लावण्याआधी थांबले, तिने परवानगी द्यावी म्हणून.