न्यूट्रलवाला आणि जड गाडी

सात मजल्यांच्या त्या इमारतीत कुणाचं कुणाशी फारसं पटत नसे, पण एका बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं. तळघरात दुचाक्या लावून घेणारा माणूस असह्य आहे.

बावीस वर्षं तो उताराच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून येणाऱ्या प्रत्येकाला तीच तीन वाक्यं ऐकवत होता. "तोंड जाळीकडे. हँडल लॉक नाही. न्यूट्रल." नमस्कार केला तरी उत्तर "न्यूट्रल" येई. वडिलांना दवाखान्यात ठेवून धावत आलेल्या एका कारकुनालाही त्यानं आधी मागं फिरवून न्यूट्रल करायला लावलं होतं. पाठीमागे सगळे त्याला न्यूट्रलवाला म्हणत. तोंडावर काका म्हणत, पण सुरात फरक नसे.

नियमाला कारण होतं. जागा शंभर गाड्यांची, तो लावायचा दीडशे. गाड्या मोकळ्या असल्या की शेपटीकडची दांडी धरून तो त्या एकमेकींना खेटून बसवी आणि मधली कुणी मागितली की आठ हलवून ती बाहेर काढी. पाणी निघून जावं म्हणून फरशीला जाळीकडे उतार दिला होता. त्याचीही त्याला मदत होई. गाडी खरोखर न्यूट्रलमध्ये आहे का, हे तो कमरेनं एक धक्का देऊन तपासायचा. सरकली तर ठीक. नाही सरकली तर मालकाला चौथ्या मजल्यावरून खाली बोलवायचा, आणि लिफ्ट बंद असेल तर विशेष आग्रहानं बोलवायचा.

नोकरी लावली होती मेहुण्यानं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, इमारतीच्या पहाऱ्याचा सुपरवायझर. कमरेला वॉकीटॉकी, तोंडात "दाजी". हा शब्द आदराचा आहे असं त्याला लहानपणी कुणीतरी सांगितलं असावं, त्यानंतर पुन्हा कुणी आठवण करून दिली नसावी.

तिसऱ्या मजल्यावर दातांची नवी डॉक्टर आली, तेव्हा हे सगळं असं सुरळीत चाललेलं होतं. बाई पन्नाशीच्या, उंची बेताची, आणि खाली दोनशे चाळीस किलोंची मोटरसायकल. पहिल्याच दिवशी त्यांनी ती नाक चढाकडे करून लावली, साइड स्टँडखाली लोखंडी पत्रा सरकवला, हँडल डावीकडे पूर्ण वळवून लॉक केलं, गिअर टाकला आणि चावी खिशात घातली.

"न्यूट्रल," तो म्हणाला.

"नाही."

"इथं सगळ्या न्यूट्रलमध्येच असतात."

"सगळ्या हलक्या आहेत. ही उतारावर न्यूट्रलमध्ये ठेवली की पुढं सरकते. सरकली की स्टँड मिटतो. मिटला की पडते. पडली की उचलायला तुम्ही येणार का?"

"बाई, मी बावीस वर्षं गाड्या लावतोय."

"मीही बावीस वर्षं दात काढतेय. ओरडणाऱ्याचं ऐकत बसले असते तर एकही निघाला नसता."

दोन महिने लढाई चालली. तो त्यांच्या गाडीभोवती स्कूटरींची अशी तटबंदी उभारी की संध्याकाळी त्या निघायच्या म्हटलं की अर्धा तास जावा. बाई तो अर्धा तास हॉर्न वाजवत काढीत. त्यानं सीटवर चिठ्ठी चिकटवली: ही जागा दीड गाडीची आहे. दुसऱ्या दिवशी खाली डॉक्टरी अक्षरात उत्तर होतं, जे वाचायला त्याला औषधाच्या दुकानात जावं लागलं. दुकानदारानं मोठ्यानं वाचलं, "तुमची खुर्चीही." दुकानात गर्दी होती.

शेवटी तक्रार गेली. दोन्हीकडून गेली. मेहुणा कागद घेऊन तळघरात उतरला.

"दाजी, लेखी काढलंय. सगळ्या गाड्या न्यूट्रलमध्ये, तोंड जाळीकडे, अपवाद नाही. बाईंनाही दिलंय. म्हणजे तुमच्या मनासारखं झालं."

"झालं की."

"आता यापुढं एकही तक्रार आली तर तुम्ही घरी. फरशीवर पट्टे मारायचे, कॅमेरा लावायचा, संपलं. कॅमेरा उलट बोलत नाही."

घरी बायकोनं ताट पुढं सरकवत विचारलं, "खरंय का भाऊ म्हणतो ते?"

"तुझ्या भावाला मी खाली नकोय."

"वर तरी कुणाला हवे आहात?" ती म्हणाली आणि पाणी आणायला गेली.

त्याचं ऐकलं जाईल अशी पृथ्वीवर एकच जागा होती आणि ती जमिनीखाली होती. ती जागा गेली तर दिवसभर या दोन खोल्यांत बसून राहायचं, हे त्याला ताटाकडे बघता बघता स्पष्ट दिसलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कागदाबरहुकूम गाडी लावली. तोंड जाळीकडे, हँडल मोकळं, न्यूट्रल. "घ्या," त्या म्हणाल्या. "हात लावू नका म्हणजे झालं." आणि वर गेल्या.

तो दुपारपर्यंत गाडीला शिवला नाही. सव्वाचारला मात्र शेजारी वीतभर जागा वाया जाताना त्याला बघवेना. त्यानं नेहमीसारखी शेपटीची दांडी धरली आणि कमरेनं धक्का दिला.

गाडी सरकली. जेमतेम अर्धा फूट. खाली स्टँड मिटल्याचा बारीकसा आवाज आला आणि दोनशे चाळीस किलो डावीकडे, म्हणजे त्याच्या अंगावर कलले. त्यानं पुढं झेप घेऊन हँडल पकडलं, मांडी टाकीखाली लावली आणि डावा पाय पुढच्या चाकासमोर पाचरीसारखा रोवला. गाडी थांबली. तोही थांबला. त्याच्या पाठीला टेकून एकतीस स्कूटरी उभ्या होत्या, त्यानंच खेटून लावलेल्या. सोडलं असतं तर पहिलीपासून एकतिसावीपर्यंत सगळ्या आडव्या, आणि एकतीस तक्रारी.

दहा मिनिटांनी विमा कचेरीतला एक जण चावी फिरवत उतरला.

"काका, काय मिठी मारलीय!"

"इकडून धरा जरा."

"न्यूट्रलमध्ये आहे ना? मग सरकेल की." त्यानं फोटो काढला, इमारतीच्या ग्रुपवर टाकला, आणि निघून गेला. त्याची गाडी कडेलाच होती.

नंतर वरच्या मजल्यावरची छपाईवाली आली. तिला त्यानं पूर्वी न्यूट्रलसाठी चारदा वरून खाली बोलावलं होतं. तिनं बघितलं, "बोलावते हं कुणालातरी," म्हणाली, आणि बोलावलं नाही. तिसऱ्या माणसाला त्यानं विचारलंच नाही.

पाच वाजायच्या सुमाराला बाई खाली आल्या. तोंडावरचा मास्क गळ्यात लोंबत होता. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. धावल्या मात्र नाहीत.

"किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

"मूर्ख आहात."

"आहे. धरा."

त्या उजव्या बाजूला गेल्या, पुढचा ब्रेक दाबला आणि आपलं वजन मागं टाकून गाडी सरळ ओढली. "पाय काढा. स्टँड तुमच्या बाजूला आहे, पायानं बाहेर काढा. पूर्ण. आता गिअर टाका."

तो हलला नाही.

"अहो, गिअर! माझा पाय या बाजूनं पोचत नाही."

"कुठाय?"

बाईंना आधी तो टोमणा वाटला. मग त्यांनी टाकीवरून वाकून त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"तुम्हाला गाडी येत नाही?"

"ढकलता येते."

"बावीस वर्षं?"

"कुणी विचारलं नाही."

"कुणाला माहीत आहे?"

"बायकोला. एवढी भांडते, पण हे कधी भावाला बोलली नाही."

"डाव्या हातानं क्लच दाबा. तो लांबट खटका. उजव्या पायाशी आडवी दांडी आहे, ती खाली दाबा. एकदाच. कुरवाळू नका, दाबा!"

खट् झालं. "क्लच सोडा. आता गाडी हळूहळू तुमच्याकडे येऊ द्या. स्टँडवर बसेल." गाडी बसली. बाईंनी ब्रेक सोडला, तरी ती तसूभर हलली नाही. तो तिच्याकडे असा बघत होता, की जणू एखाद्या गाडीनं पहिल्यांदाच त्याचं ऐकलं होतं.

ग्रुपवरचा फोटो बघून मेहुणा खाली उतरला. "दाजी, झाली ना तक्रार! तिसऱ्या मजल्याची गाडी पाडायला निघाला होतात." त्यानं रुबाबात सीटला ढकलून बघितलं. गाडी हलली नाही. "गिअरमध्ये? लेखी दिलं होतं मी!"

"जड गाडी गिअरमध्येच राहील," तो म्हणाला. "नाक चढाकडे. दीड जागा घेईल."

"मग तुम्ही उद्यापासून घरी."

"तक्रार माझी आहे, ती मी लिहिते," बाई म्हणाल्या. "गाडी लेखी हुकमामुळे पडत होती. खाली सही कुणाची आहे, तेही लिहिते. लिहू? माझं अक्षर वाईट आहे, पण सहीवाल्याचं नाव मी सुटं सुटं काढेन."

मेहुण्याच्या कमरेची वॉकीटॉकी खरखरली. कुणी काही बोलत नव्हतं, तरी तो "आलो, आलो" म्हणत निघून गेला.

"आभार मानू नका," बाई म्हणाल्या.

"मानत नव्हतो."

"उद्यापासून ती तुम्ही लावायची. मी शेजारी उभी राहून ओरडेन."

सकाळी साडेनऊला त्या ओरडत होत्या. नाक चढाकडे. पत्रा खाली. हँडल डावीकडे, अजून, अजून. गिअर. मागं दोन स्कूटरवाले खोळंबले होते आणि काकांना कुणीतरी रागावतंय, हे बघून दोघंही खुशीत होते.

"सोडा आता."

"सोडली."

"अहो, दोन्ही हात!"

त्यानं डावा काढला. उजवा टाकीवरच राहिला. "वर जा तुम्ही," तो मान न वळवता म्हणाला, "मी सोडतो माझ्या वेळेनं."