तेलआक्कानं नेलेली हरणी

तेलआक्कानं मला फसवलं. माझी हरणी नावाची कुत्री तिनं नेली, आणि नेताना तिच्या गळ्याला दोरीसुद्धा लावली नाही. मी जनावरांच्या बाजारात माणसं ओळखून वर आलेला माणूस आहे. बापाकडून मला एक शेळीही मिळाली नव्हती. दुसऱ्यांची जनावरं बाजाराला हाकलली, मग दलाली केली, मग स्वतःच्या म्हशी दावणीला बांधल्या. भल्याभल्या व्यापाऱ्यांना मला गंडवता आलं नाही. या एका बाईला आलं, आणि तेही भर उन्हात, चार माणसांदेखत, हातात तेलाची वाटी घेऊन.

आमच्या दिंद्रुड गावात लेकरांना न्हाऊमाखू घालणं हे आक्काचं काम. दोन्ही पाय लांब करून बसायची, पायांवर लेकरू पालथं टाकायची आणि तेलानं त्याचा एकेक सांधा मोकळा करायची. निम्मं गाव तिच्या नडग्यांवर वाढलेलं. त्यामुळे तिला कुणाचीच भीड नव्हती. दूध सोसायटीचे चेअरमन एकदा सभेत तिच्यावर गरजले, तर ही मागच्या रांगेतून म्हणाली, "बस खाली. तुझी मान धरत नव्हती, मी धरवली. माझ्यावरच कावून ताठ करतोस ती?" सभा हसली आणि चेअरमन खरंच खाली बसले.

तिचं मोठेपण तिला चांगलं ठाऊक होतं आणि ती ते बोलूनही दाखवायची. "डाक्टर आजार बगतो, मी माणूस बगते," असं स्वतःच म्हणायची आणि स्वतःच मान डोलवायची. मला हा गर्व खपत नसे. गावात एका वेळी एकानंच एवढं तोऱ्यात बोलावं असं माझं मत होतं, आणि तो एक मी होतो.

दुष्काळाच्या त्या वर्षी विहिरी तळाला गेल्या, तेव्हा सोसायटीनं गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी उघडली. मी म्हशी घेऊन तिथंच मुक्कामाला गेलो. पलीकडच्या खुंटाला आक्का आपली एकुलती गाय घेऊन आली. तिचा मुलगा बळीराम बायको-लेकरासह ऊसतोडीला गेलेला. नातू दूर, आणि गावातल्या बाळंतिणीही कोयत्यासोबत, म्हणजे नवऱ्याबरोबर जोडीनं ऊस तोडायला, गेलेल्या. "हातांना काम न्हाई बघ नामा," ती मला म्हणायची, "रिकामे हात लई जड होतेत."

माझी हरणी कारवानी जातीची. लांब पाय, बारीक कंबर, हरणासारखी मान. जनावरं घेऊन मी रानोरान हिंडलो ते तिच्या भरवशावर. पण वय झालं होतं. छावणीतल्या कडक जमिनीवर झोपून सकाळी तिला उठवत नसे. पुढचे पाय उभे राहायचे, मागचे बसलेलेच. मी टँकरवाल्याशी पाण्यावरून, छावणीवाल्याशी पेंडीवरून भांडत असायचो, आणि ती माझ्याकडे बघत तशीच अर्धी उठून थांबायची.

आक्का एके सकाळी वाटी घेऊन आली. पण हात लावला नाही. "आदी डाक्टरला दाखव," म्हणाली. "आत काय मोडलं असलं, सुजलं असलं, तर मी शिवणार न्हाई. वळायचं त्ये मोडायचं." सोसायटीचा जनावरांचा डॉक्टर म्हशी बघायला आला तेव्हा त्यानं हरणीचा खुबा चाचपला. मोडलेलं काही नव्हतं, सांधे आखडले होते. दुखण्याची गोळी त्यानं दिली आणि हळूहळू पाय मोकळे करायला सांगितलं. झालं. बाईला रान मोकळं मिळालं.

पहिल्याच दिवशी आक्का चुकली, आणि मला फार बरं वाटलं. लेकराचा उजवा हात डाव्या पायाला लावतात ना, तसं तिनं हरणीचा पुढचा पाय आडवा घेऊन मागच्याकडे नेला. हरणी कळवळली आणि आक्काच्या मनगटावर दात टेकवले. चावली नाही, नुसते टेकवले. मी म्हणालो, "काय आक्का, माणूस बगतेस न्हवं?" दिवसभर माळावर बसून ती छावणीतली कुत्री चालताना, पळताना, आळस देताना बघत राहिली. संध्याकाळी येऊन म्हणाली, "लेकराचं अंग आडवंबी जातं. हिचं म्होरं जातं अन् मागं जातं. चूक माझी, हरणे." कुत्रीची माफी मागणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. माझी तर तिनं कधी मागितली नाही.

मग तिची रीत बसली. आधी हरणीला दावणीच्या कडेनं सावकाश फिरवायचं. थंड अंगाला हात लावायचाच नाही. पाय घसरू नये म्हणून खाली पोतं. कुत्रीला उभीच ठेवायची, पंजा धरून ओढायचं नाही; एक हात सांध्याखाली, एक मांडीला, आणि पाय जेवढा आपण होऊन मागे येईल तेवढाच न्यायचा. तिथं थांबायचं. धक्का नाही, हिसका नाही. हरणीनं श्वास सोडला की पाय हळूच जागेवर. मानेला तर ती हातच लावत नसे. भाकरीचा तुकडा हरणीच्या नाकापुढून कंबरेकडे न्यायची; कुत्री आपली आपण मान वळवून पाठ ताणून घ्यायची, आधी या बाजूनं, मग त्या बाजूनं.

"जीभ फिरवली ओठावरनं, कान मागं गेले, का माझ्या हाताकडं बघितलं, म्हंजे बास म्हणाली," आक्का सांगायची. "बास म्हणल्यावर अजून वाईच कुणी केलं, त्यो दुश्मन."

चाऱ्याच्या गाड्या येत-जात राहिल्या आणि हरणी सकाळी एका दमात उठू लागली. मला आनंद व्हायला हवा होता. पण ती उठायची ती माझ्याकडे पाठ करून, आणि थेट आक्काच्या खुंटाकडे जायची. माझ्या ताटातली भाकरी खाऊन! मी शीळ घातली की एक कान वळायचा, पाय वळायचे नाहीत. आक्का पोतं अंथरायच्या आधीच ही तिथं उभी.

मी आक्काला म्हणालो, "मला शिकीव. माझी कुत्री, मी करीन."

"कर की," ती म्हणाली आणि बाजूला सरकली.

मी सगळं तसंच केलं. फिरवली, पोतं टाकलं, हात बरोबर जागी ठेवला. हरणी लाकडासारखी ताठ झाली. आक्का बघत होती. म्हणाली, "नामा, हात बग तुजा. रुमालाखाली सौदा केल्यावानी बोटं दाबतोस. कुत्रीला वाटतंय, तू तिचा भाव पाडतोस."

सगळी छावणी हसली. बाजारात आम्ही रुमालाखाली एकमेकांची बोटं धरूनच भाव ठरवतो; त्या बोटांवर माझं घर उभं आहे. मी तिला नको ते बोललो. म्हशी सोडल्या आणि छावणीच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन बांधल्या. हरणीला खाटकाकडची हाडं आणली, दूध पाजलं. ती हाड घेऊन चालत निघाली आणि आक्काच्या पोत्यावर बसून चघळू लागली. शेजारचा म्हशीवाला ओरडला, "नामदेवराव, सासरी चालली की तुमची लेक, शिदोरी घेऊन!"

पाऊस पडला, छावणी मोडली, बळीराम घरी आला. मला वाटलं, आता नातू मिळाला, आक्का कुत्री विसरेल. कसली विसरते? सकाळी तिच्या अंगणात नातू पायांवर आणि हरणी शेजारच्या पोत्यावर, दोघं पाळी लावून. धनगर आपली कुत्री आणू लागले. मी त्या वाटेनं जाणं सोडलं होतं. म्हणजे कुंपणाच्या अलीकडून बघत जायचो. आक्काला ते कळत असे. "आत ये की नामा, च्या घे," म्हणायची. मी म्हणायचो, "टाइम न्हाई." मग दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वाटेनं.

दसरा झाला आणि ऊसतोडीचे ट्रॅक्टर लागले. बळीराम म्हणाला, यंदा आईला नेतो, कोपीवर, फडाजवळच्या झोपडीत, लेकरू सांभाळायला. मी मनातून खूश झालो, खोटं कशाला सांगू. आता हरणी माझी. ट्रॅक्टर निघताना मी मुद्दाम तिला घेऊन चौकात उभा राहिलो, आक्कानं बघावं म्हणून. ट्रॉलीत भांडी, कोयते, शेळ्या, आणि वर आक्का नातवाला घेऊन बसलेली. ट्रॅक्टर हलला. वर्षापूर्वी जिला जमिनीवरून उठवत नव्हतं, त्या हरणीनं धाव घेतली आणि ट्रॉलीच्या फळीवरून थेट आत उडी मारली. ज्या पायांना आक्कानं महिनोन्‌महिने तेल चोळलं, त्याच पायांनी.

मी ओरडत मागे धावलो. आक्का वरून ओरडली, "तलवाड्याला च्याला थांबणार हाय ट्रॅक्टर! तितं उतरवते! ये मागनं गाडीवर!"

मी मोटारसायकल काढून तलवाड्याला पोचलो. तिथं ना ट्रॅक्टर, ना कुत्री. हॉटेलवाला म्हणाला, "उतरवलती की. 'बस हितं, नामा येतोय' म्हणून म्हातारीनं बसवलती. ट्रॅक्टर हालला तशी कुत्री सुटली मागं, डांबरावरनं. म्हातारी वरनं बोंबलली, थांबवा, पळून खुबा जाईल तिचा! मग घेतली वर."

बरं, घेतली वर. पण आक्कानं खाली का उतरू नये? झाडाखाली कुत्री धरून बसायचं. मी काय वाटेतच होतो. मी त्या बाईला गाडीवर बसवून कारखान्यापर्यंत नेऊन सोडलं असतं. हे तिला कळायला नको होतं? मी मागे गेलो नाही. मागे लागून माल परत आणणं माझ्या स्वभावात नाही. तो हंगामभर मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटलो, तेलआक्का चोर आहे. निरोप मात्र रोज विचारत होतो.

कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला आणि बळीराम परत आला. आधी माझ्याच दारी आला. हातात दोरी, दोरीला हरणी. थकलेली, पण चारी पायांवर नीट उभी. म्हणाला, "आईनं सांगितलतं, नामाची अमानत हाय, त्याच्याच हाती दे."

"अन् आक्का?"

त्यानं दोरी माझ्या हातात दिली आणि तो घराकडे वळला. उरलेलं मला त्याच्या टोळीतल्या बायकांकडून कळलं. एका जोडीतलं माणूस आजारी पडलं, कोयता मोकळा राहिला, आणि आक्काला उसाच्या फडात उतरवलं. फळीवरून ट्रकमध्ये चढताना ती डोक्यावरच्या मोळीसकट खाली आली, आणि त्यातच गेली. हरणी तिच्याजवळून हलली नाही म्हणे.

आता सकाळी मी पोतं टाकतो. हरणी उभी राहते, मला करू देते, आणि मग बळीरामाच्या अंगणात जाऊन बसते. मी तिला आणायला जातो आणि दर वेळी बळीरामाला तेच विचारतो. माझ्याकडून दोघी गेल्या होत्या; एक आणून दिलीस म्हणून हिशेब मिटत नाही. लेकरू सांभाळायला नेलेल्या म्हातारीच्या डोक्यावर मोळी कुणी दिली? बळीराम टोळी नेणाऱ्या मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम टोळीकडे दाखवतो, टोळी गप्प बसते. मी गप्प बसणार नाही. मला नाव पाहिजे.