चाँदपाशांचा सत्कार

पडदा वर जातो. बेंबळीच्या जत्रेतला मांडव, समोर बायाबापड्यांची दाटी, दिव्यांभोवती किडे. पण तुम्ही रंगमंचाकडं बघू नका. डावीकडं, पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसलेल्या त्या उंच माणसाकडं बघा. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा. हे चाँदपाशा. नाटक चालू असताना मी त्यांना प्रेक्षकांत बसलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. शेजारची खुर्ची माझी होती.

त्यांची जागा विंगेत. पोटापाण्याला रेडिओ, टीव्ही दुरुस्तीचं दुकान. पण आमच्या मंडळाच्या नाटकांतला गडगडाट, घोड्याच्या टापा, देवळातली घंटा, सगळं त्यांच्या हातातलं. मी तेव्हा नाटकांत आईची कामं करायची. आत बाळ रडायचं ते माझ्या वाक्यावर न्हाय, माझ्या श्वासावर. पाशाभाई माझ्या खांद्यांकडं बघून आवाज सोडायचे.

आधी पत्रा आणि करवंट्या होत्या, मग कॅसेट आली. पुढं मोबाइलवर आवाज लावायला लागले, तर ऐन मरणाच्या प्रसंगात त्यांच्या व्याह्याचा फोन वाजला. प्रेक्षक हसले, प्रेतही हसलं. तेव्हा त्यांनी तळहातावर मावेल असा कॉम्प्युटर मागवला. नुसती एक हिरवी पाटी, ना पडदा ना बटणं. तिला मुलाच्या, अजहरच्या, लहानपणीच्या व्हिडिओ गेमची जॉयस्टिक जोडायची होती. जुनी पिन नव्या भोकात बसेना, म्हणून मधे बसवायचा अडॅप्टर आणला. मग एका बटणात वीज, एकात टापा, एकात बाळ. बटण दाबून धरलं की आवाज चालू, सोडलं की विरत जायचा. काठी पुढं ढकलली की मोठा, मागं ओढली की बारीक. मी विचारलं, पोरांचं खेळणं कशाला? म्हणाले, अंधारात बोटांना दिसतं, डोळे तुमच्याकडं ठेवता येतात.

मंडळ आता श्रीनाथ चालवतो. पोरगा गोड बोलतो, माझ्या पाया पडतो. तालमीला त्यानं आपला भाचा उत्कर्ष पाशाभाईंच्या शेजारी बसवला. चाचा, तुम्हाला कधी ताप आला तर कुणाला तरी यायला हवं, म्हणाला. पाशाभाईंना पटलं. कुठल्या बटणात काय, कुठं बोट अलगद उचलायचं, सगळं शिकवलं. आवाज भरलेल्या मेमरी कार्डाची नक्कलही स्वतः काढून दिली. शागीर्द मिळाला म्हणून दुकानात सगळ्यांना चहा पाजला.

प्रयोगाच्या दिवशी पिशवी घेऊन विंगेकडं निघाले, तर श्रीनाथनं खांद्यावर हात टाकून अडवलं. आज तुमचा सत्कार आहे, मानानं पुढं बसा, आजच्या दिवस उत्कर्ष सांभाळेल. पाशाभाई लाजले. मला म्हणाले, "बाई, बरं झालं, सदरा इस्त्री केला."

पहिला अंक झाला. मध्यंतरात शाल आली, नारळ आला, फेटा बांधला. टोपीवर फेटा बसेना, दोघांनी ओढून बसवला. आणि श्रीनाथ माइकवर म्हणाला, आपले लाडके चाचा आजपासून निवृत्त होत आहेत, यापुढं ध्वनीची बाजू उत्कर्ष बघेल, टाळ्या झाल्या पाहिजेत. झाल्या की टाळ्या. त्यांच्या निवृत्तीची बातमी त्यांना आणि अख्ख्या गावाला एकदमच कळली. आपल्याकडं माणसाला काढून टाकायची हीच रीत. शाल पांघरलेला माणूस भांडणार कसा? पाशाभाईंनी मांडवाला आदाब केला आणि खाली आले.

दुसरा अंक सुरू झाला. नारळ मांडीवर होता. घोडेस्वार यायच्या क्षणी त्यांचा अंगठा नारळावर दाबला गेला आणि आत विंगेत टापा वाजल्या. पुढं बाळ रडलं, तेव्हाही अंगठा आणि आवाज एकाच वेळी. उत्कर्ष एकदाही चुकला नाही. एखादा आवाज चुकावा म्हणून मी मनात देवीला विनवत होते. पाशाभाईंनी शेवटी अंगठा मुठीत धरून ठेवला.

नाटक संपल्यावर श्रीनाथ घाम पुसत आला. चाचा, आता जिवाला आराम द्या, नाट्यस्पर्धांच्या गावोगावच्या दगदगीतनं सुटलात, म्हणाला. वाकून पायाला हात लावला. पाशाभाईंनी त्याला उठवलं, शाल घडी करून त्याच्या हातात दिली.

"उत्कर्षचं काम लई चांगलं झालं," ते म्हणाले. "शिकवलं तर म्याच. पण कशापायी शिकवायलोय, तेवढं तरी मला सांगायचं होतंस."