उजव्या खिडकीतला हात

बाबांच्या जुन्या अमेरिकन गाडीला मागे कामाचे दिवे दोनच, आणि दोन्ही लाल. अंधारात तेच लागायचे, ब्रेक दाबला की तेच जास्त उजळायचे, आणि वळायचं असलं की त्यातलाच एक उघडझाप करायचा. खाली दोन छोटे पांढरे दिवे होते, पण ते फक्त गाडी मागे घेताना. माझी गाडीही जुनीच, मात्र युरोपियन. तिला थांबायला लाल, वळायला पिवळा, ज्याचं त्याचं काम वेगळं. बाबा तिला चौकातला सिग्नल म्हणायचे. मी त्यांच्या गाडीला नाकापेक्षा जड मोती म्हणायचे. आमचं बापलेकीचं प्रेम असंच आहे.

अमेरिकेत लाल दिवा लुकलुकला की गाडी वळणार हे लोकांना कळत असेल. नागपुरात वळायचं म्हणजे पिवळा. लाल लुकलुकताना पाहून इथल्या लोकांना दया येते. सिग्नलवर कोणीतरी हमखास खिडकीशी येऊन सांगायचं, "काका, तुमचा एक ब्रेक लाइट लूज हाये." बाबा थँक्यू म्हणायचे आणि पुढच्या चौकापर्यंत धुसफुसत राहायचे.

त्यात स्टिअरिंग डावीकडे. उजवीकडे वळताना हात दाखवायचा तर तो उजव्या खिडकीत बसलेल्या माणसाने, म्हणजे आईने. गाडी चालवायचे बाबा आणि वळवायची आई. मैलभर आधीपासून ती काच खाली करून तयारीत बसायची. त्या गाडीत तिने कधी निवांत संत्रं सोललं नाही, कधी डोळा लावला नाही. आणि बाबांना वाटायचं, हिला फिरायची भारी हौस.

मागच्या वर्षी आईचा खांदा आखडला. तरी गाडीत बसायचं तिने सोडलं नाही. सोडलं असतं तर बाबा एकटेच निघाले असते. एकदा बेसाच्या वळणावर मी त्यांच्या मागेच होते. त्यांच्या गाडीचा मागचा लाल दिवा लुकलुकला. मला सवयीने कळलं, पण आमच्या मधल्या मोटारसायकलवाल्याला कळलं नाही. आईचा हात उशिरा बाहेर आला, तोवर तो उजवीकडून घुसला होता. त्याचा आरसा तिच्या मनगटाला घासून गेला.

तो डगमगला, सावरला आणि निघून गेला. मी गाडी तिथेच सोडून धावले. रस्त्यावर हिरव्या काचा पडल्या होत्या. आईने एका हाताने दुसरं मनगट धरलं होतं. माझा चेहरा पाहून तीच मला म्हणाली, "काही नाही झालं वं. बांगड्या वाढल्या."

खरचटण्यावर निभावलं होतं. बाबा स्टिअरिंग धरून नुसते बसले होते.

संध्याकाळी मी सरळ सांगितलं: मागे पिवळे दिवे लावा, नाहीतर आई या गाडीत बसणार नाही. बाबांचं घोडं एकाच ठिकाणी अडलेलं. नवे दिवे म्हणजे पत्र्याला भोकं, आणि भोकं ते पाडू देणार नव्हते. पत्रा वाचवून आईचा हात मोडायचा का, असं मी ओरडले आणि निघून आले. नंतर कितीतरी दिवस गाडी कव्हरखाली राहिली आणि आमचं बोलणंही.

शेवटी तोंड उघडलं आईने. मी भेटायला गेले होते, बाबा पेपरमागे लपले होते, आणि ती मेथी निवडत होती.

"ते खालचे पांढरे दिवे मागं घेतानाच लागतेत ना?" तिने विचारलं.

बाबा पेपरातूनच हो म्हणाले.

"मागं घेताना त तुम्ही दरखेपी मलेच उतरवता. मी मागं उभी राहून 'येऊ द्या, येऊ द्या' करतो. मंग ते दिवे कायले पाहिजेत? त्यातच लावा पिवळे."

पेपर हळूहळू खाली आला. दुसऱ्याच दिवशी गाडी इलेक्ट्रिशियनकडे गेली. पांढऱ्या काचांमागे पिवळे बल्ब बसले, वळण्याची वायर तिकडे गेली आणि लाल दिवे नुसते थांबण्यापुरते उरले. पत्र्याला एक भोक पडलं नाही.

पुढच्या रविवारी मावशीकडे सावनेरला निघालो. मी माझ्या गाडीत मुद्दाम मागे राहिले. बेसाच्या वळणावर पिवळा दिवा लुकलुकू लागला. आमच्या मधे आलेला एक मोटारसायकलवाला आपणहून हळू झाला, त्याच्यामागचा ऑटोही. मी सवयीने उजव्या खिडकीकडे पाहत होते. हात बाहेर आला नाही. माझा जीव भांड्यात पडला. पुढे कितीतरी वेळ मी गाडीत एकटीच हसत होते, मधूनच डोळे पुसत होते.

सावनेरात बाबा मावशीचं फाटक ओलांडून पुढे गेले आणि गल्लीत थांबले. गाडी मागे घ्यावी लागणार होती. मी जवळ गेले तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आईचं डोकं उजव्या काचेला टेकलं होतं, तोंड जरासं उघडं, हात मांडीवर.

"झोपली हाये," बाबा कुजबुजले. "या गाडीत पहिल्यांदाच. उठवू नोको."

मी मागे जाऊन त्यांच्या आरशात दिसेन अशी उभी राहिले, आणि तोंडातून आवाज न काढता हात हलवला: येऊ द्या.